ससा कालपासून खात नाहीये आणि लेंड्याही कमी झाल्यात, थांबून बघू का?

थांबू नका, आजच व्हेटकडे न्या, कारण ससा १०-१२ तास काहीच खात नसेल तर ती इमर्जन्सी समजतात. त्याचं पोट सतत चालू राहावं लागतं, गवत पोटात गेलं नाही की आतडी मंदावतात, गॅस होतो, दुखायला लागतं आणि दुखतंय म्हणून तो अजूनच खात नाही, शिवाय सशाला उलटीही करता येत नाही. त्यात हा शिकार होणारा प्राणी, म्हणजे आजार लपवण्यात पटाईत, त्यामुळे आपल्याला कळतं तोवर बराच उशीर झालेला असतो. लेंड्यांवर रोज लक्ष ठेवा, खरं सगळं तिथेच कळतं: बारीक, वेड्यावाकड्या किंवा केसांनी माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या तर गडबड आहे. बाकी बघायचं म्हणजे

- अंग चोरून कोपऱ्यात बसणं, दात करकर वाजवणं (हात फिरवताना हलकं वाजवतो ते वेगळं, ते खुशीचं)
- लाळ गळून हनुवटी ओली, बहुतेक वेळा दातांचा त्रास
- मान एका बाजूला वाकडी
- कान गार पडणं

लाल लघवी दिसली की लोक घाबरतात, पण ती बऱ्याचदा खाण्यातल्या रंगामुळे असते, मात्र लघवी करताना जोर लावत असेल तर दाखवाच. आणि घरातलं कुत्र्या-मांजराचं औषध देऊ नका, तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सशाच्या जिवावर बेतू शकतं. व्हेट सशांवर उपचार करतात का ते आधी फोन करून विचारा, सगळेच करत नाहीत.