कोरोना कर्जाला सरकारची हमी होती, मग ते भरायचं की नाही?

भरायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण नोटिशीला उत्तर द्यायचे दिवस मोजके असतात आणि माझं उत्तर लांबणार आहे.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: पुण्यात वडिलांची स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी खानावळ. बँकेचं आठ लाखांचं कर्ज आधीपासून होतं. जुलै २०२० मध्ये त्याच बँकेने वर १ लाख ६० हजार दिले, घरात त्याला 'कोरोना कर्ज' म्हणतात. मुलं परत यायला फार उशीर झाला, हप्ते ओढूनताणून भरले, मग थकले, आता नोटीस आली. काकांचं म्हणणं, सरकारने शंभर टक्के हमी घेतली होती, बँकेला तिचे पैसे मिळालेत, आपण कशाला भरायचे? शिवाय अमेरिकेतल्या आतेभावाच्या हॉटेलाचं असलंच कर्ज तिथल्या सरकारने माफ केलं, मग आपल्याकडेच का नाही?

काकांचं अर्धं खरं आहे. हमी होती आणि ती शंभर टक्के होती. फक्त ती बँकेला दिलेली होती.

आपल्याकडे पतसंस्थेचं कर्ज काढताना दोन जामीन लागतात. तुम्ही हप्ते थकवले आणि मेहुण्याला जामीन म्हणून पैसे भरावे लागले, तर तुम्ही सुटलात का? तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. इथे मेहुण्याच्या जागी नॅशनल क्रेडिट गॅरंटी ट्रस्टी कंपनी नावाची सरकारी कंपनी होती. खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, झालं की बँक तिच्याकडे दावा करते. आधी ७५ टक्के रक्कम मिळते, उरलेली वसुलीची कारवाई संपल्यावर. दावा मिळाला तरी बँकेने वसुली सोडायची नाही, आणि जे वसूल होईल ते या कंपनीला परत करायचं, अशी रचना आहे. म्हणजे बँकेला पैसे मिळालेही असतील, पण वडिलांच्या नावावरचं देणं त्याने एक रुपयानेही कमी होत नाही.

मग असली हमी द्यायचीच कशाला? मे २०२० मधल्या बँक मॅनेजरच्या खुर्चीत बसून बघा. समोरच्या माणसाचं दुकान दोन महिने बंद आहे, कधी उघडेल ते देवालाही ठाऊक नाही, आणि त्याला नवं कर्ज द्यायचं. उद्या बुडालं तर चौकशी मॅनेजरची. तो पेन उचलणारच नाही. ही भीती काढायला १३ मे २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तीन लाख कोटींची हमी योजना जाहीर केली. बँकेत तिला 'जीईसीएल' म्हणायचे, स्टेटमेंटवर अजून तेच दिसतं. २९ फेब्रुवारी २०२० ला तुमचं जेवढं कर्ज शिल्लक असेल त्याच्या २० टक्के रक्कम, नवं तारण नाही, प्रोसेसिंग फी नाही, बँकेचं व्याज जास्तीत जास्त ९.२५ टक्के, मुदत चार वर्षं आणि पहिलं वर्ष फक्त व्याज. तुमचे आठ लाखांवरचे १ लाख ६० हजार असे आले.

माझा साताऱ्याला छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांची प्रगतिपुस्तकं. आमचं वर्ष मार्च ते मे या तीन महिन्यांवर चालतं. २५ मार्चला सगळं बंद झालं तेव्हा अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे २६ एप्रिलच्या लग्नाच्या पत्रिका छापून, घड्या घालून, गठ्ठे बांधून तयार होत्या. न्यायला कोणी आलंच नाही. बाकीचे पैसे कोणत्या तोंडाने मागायचे? ते गठ्ठे दिवाळीपर्यंत पोटमाळ्यावर होते, मग रद्दीत किलोवर गेले.

जूनमध्ये बँकेचा मेसेज आला की तुम्हाला अमुक रक्कम मंजूर आहे. दाराशी कपाळावर ताप मोजायचं यंत्र, काउंटरसमोर दोरी, साहेब काचेपलीकडून ओरडून बोलतायत, मला निम्मं ऐकू येत नाही. सीसीची, म्हणजे कॅश क्रेडिट खात्याची (लागेल तसं उचलायचं, जमेल तसं भरायचं), मर्यादा माझी बारा लाख. पण हिशेब मर्यादेवर नव्हता, २९ फेब्रुवारीच्या शिलकेवर होता. त्या दिवशी शनिवार. आदल्या दिवशी मी एका शाळेचा तीन लाखांचा चेक सीसीत जमा केलेला, व्याज वाचावं म्हणून. शिल्लक उतरून नऊ लाखांवर आलेली. अधिक मशिनचं कर्ज पाच लाख, एकूण चौदा, त्याचे २० टक्के २ लाख ८० हजार. चेक चार दिवस खिशात ठेवला असता तर साठ हजार जास्त मिळाले असते. बायको अजून ऐकवते.

त्या पैशातून तीन कामगारांचे थकलेले पगार दिले, कागदाच्या व्यापाऱ्याचं निम्मं देणं फेडलं आणि उरलेले सीसीच्या व्याजात गेले. हे शेवटचं करायला नको होतं. जुन्या कर्जाचं व्याज नव्या कर्जातून भरलं की महिना निघतो आणि पुढचं वर्ष अडकतं.

खरी गोम तेराव्या महिन्यात होती. तुमच्याच आकड्यावर दाखवतो. १ लाख ६० हजारांवर ९.२५ टक्क्यांनी महिन्याचं व्याज १,२३३ रुपये. वर्षभर तेवढंच जात होतं, त्यामुळे कोणाला काही जाणवलं नाही. मग मुद्दल सुरू झालं आणि हप्ता एकदम ५,१०७ रुपयांच्या घरात गेला. कधी? जुलै २०२० चं कर्ज म्हणजे ऑगस्ट २०२१. दुसरी लाट नुकतीच ओसरलेली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये राज्यात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. पंचवीस माणसांसाठी पत्रिका कोण छापतो? व्हॉट्सअॅपवर चित्र फिरवलं की झालं. तुमच्याकडे मुलंच नव्हती. योजना आखताना संकट वर्षभरात सरेल असं धरलेलं, आणि सवलत संपली ती नेमकी दुसऱ्या फटक्यानंतर. मे २०२१ च्या अखेरीस सरकारने त्यात दुरुस्ती केली: रिझर्व्ह बँकेच्या ५ मेच्या नियमांनुसार पुनर्रचनेला (कर्जाचे हप्ते-मुदत नव्याने बांधून मिळायला) पात्र असणाऱ्यांना मुदत पाच वर्षं, त्यात दोन वर्षं फक्त व्याज, शिवाय १० टक्के जादा रक्कम. पण यासाठी बँकेत जाऊन मागणी करावी लागत होती. पहिल्या वेळेसारखा मेसेज मला तरी आला नाही. कागदाच्या व्यापाऱ्याच्या सीएकडून कळलं. वडिलांना कोणी सांगितलं होतं का, विचारा. हॉटेल आणि पर्यटनवाल्यांसाठी त्याआधी मार्चमध्येच ४० टक्क्यांपर्यंत आणि सहा वर्षं मुदतीचा वेगळा भाग आलेला. तेही बहुतेक तसंच राहून गेलं असणार.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या शेजारच्या गाळ्यात एक बाइंडर आहे, तीस वर्षं काम करतोय. बँकेचं कर्ज कधी घेतलं नाही, याचा त्याला अभिमान. गरज पडली तर भिशी, फारच अडलं तर पतसंस्था. पतसंस्था या योजनेत नव्हत्या. शून्याचे वीस टक्के किती? ज्याने आयुष्यभर हातपाय पसरले नाहीत त्याला काही नाही, आणि माझ्यासारख्या कर्जबाजाऱ्याला घरबसल्या मेसेज. रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी जून २०२० पासून केंद्राच्या स्वनिधी योजनेचं दहा हजारांचं कर्ज होतं, पण हा गाळ्यात बसतो, म्हणून विक्रेता नाही. एप्रिल २०२१ ला राज्य सरकारने रिक्षावाल्यांना आणि नोंदणीकृत फेरीवाल्यांना दीड-दीड हजार जाहीर केले, त्यातही हा बसेना. योजना वाईट होती असं मी म्हणत नाही, माझा छापखाना तिच्यामुळेच उभा आहे. पण ती कागदावर असलेल्यांची होती.

हप्ते पुढे ढकलण्याची सवलत, ते मोरॅटोरियम, ही वेगळी गोष्ट. मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने. खूप जणांना वाटलं व्याजही माफ. व्याज चढतच होतं. त्यावरच्या चक्रवाढीविरुद्ध आग्र्याचा एक चष्म्याचा दुकानदार सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांना चक्रवाढ आणि सरळ व्याज यांतला फरक परत द्यायचं ठरवलं. पेपरात केवढे मथळे आले! दहा टक्के व्याजाने पाच लाखांवर तो फरक सव्वापाचशे रुपयांच्या आसपास येतो. तरीही वडिलांचं २०२० च्या नोव्हेंबरचं स्टेटमेंट तपासा, जमा झालेत का बघा.

आता आतेभाऊ. त्याचं बहुधा 'पीपीपी' असणार. मार्च २०२० च्या कायद्याने आलं. सरासरी महिन्याच्या पगारखर्चाच्या अडीचपट कर्ज, आणि ते पैसे ठरलेल्या मुदतीत मुख्यतः पगारावर खर्च केल्याचं दाखवलं की माफ. म्हणजे नाव कर्जाचं, प्रत्यक्षात पगाराचं अनुदान. पहिले ३४९ अब्ज डॉलर तेरा दिवसांत संपले. खोटे कामगार दाखवणारेही निघाले आणि त्यांच्यावर खटले अजून चालू आहेत. आपल्याकडे असं का नाही? तिजोरीचा प्रश्न आहेच, पण माझ्या मते त्याहून मोठी अडचण वडिलांच्या खानावळीतच आहे. पोळ्या करणाऱ्या मावशी, वाढपी, भांडी घासणारा, यांचा पगार कुठल्या कागदावर आहे? रोख दिला, वहीत लिहिला. पगारातून मदत पोहोचवायचा एक रस्ता आपल्या सरकारनेही वापरला: शंभरपर्यंत कामगार, त्यांतले ९० टक्के पंधरा हजारांच्या आत, अशा ठिकाणी मार्च ते ऑगस्ट २०२० चा पीएफचा मालकाचा आणि कामगाराचा मिळून २४ टक्के हिस्सा सरकारने भरला. पण पीएफ सक्तीचा होतो वीस माणसांपासून. सात माणसांच्या खानावळीला त्याचा काय उपयोग?

आणि परदेशात सगळीकडे माफी होती असंही नाही. ब्रिटनमध्ये पन्नास हजार पौंडांपर्यंतचं 'बाउन्स बॅक' कर्ज होतं. त्यालाही सरकारची शंभर टक्के हमी, तीही बँकेला. तिथेही पुष्कळांना काकांसारखंच वाटलं होतं.

बरं, नोटिशीचं. आधी ती नेमकी कुठल्या खात्याची आहे ते बघा. जुनं आठ लाखांचं आणि जीईसीएलचं ही दोन वेगळी खाती असतात, नोटिशीत दोन्ही असू शकतात. दोघांची कर्ज उचलल्यापासूनची स्टेटमेंटं लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. वकिलाची साधी मागणी-नोटीस असेल तर थोडा वेळ आहे. 'सरफेसी' (बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा), कलम १३(२) असं लिहिलं असेल तर साठ दिवस आहेत आणि घड्याळ सुरू झालंय. हिशेबाबद्दल हरकत असेल तर या मुदतीतच लेखी द्या, बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जीईसीएलसाठी नवं तारण घ्यायचं नव्हतं, आणि २५ लाखांपर्यंतच्या कर्जाला जुन्या तारणावर दुसरा बोजा चढवण्याचीही अट नव्हती. म्हणून त्या १ लाख ६० हजारांपोटी घर जाईल असं कोणी फोनवर धमकावत असेल तर 'तसं लेखी द्या' म्हणा. जुन्या आठ लाखांना घर तारण असेल तर मात्र प्रकरण गंभीर आहे, तिथे वकील गाठाच.

तडजोड करायची तर लोकअदालतीचा रस्ता बरा. पण तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही, तेव्हा झेपेल तेवढाच आकडा बोला. रक्कम कमी करून घेतली की सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढची काही वर्षं कोणी दारात उभं करत नाही. खानावळ चालू ठेवायची असेल तर मी म्हणेन मुद्दल कमी करून घेण्याऐवजी दंडव्याज माफ करून घ्या आणि हप्ते पाडून मागा. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं.

नोटिशीचा फोटो इथे टाकणार असाल तर नाव, पत्ता, खातेक्रमांक झाकून टाका. फक्त कलम, तारीख आणि मागणीचा आकडा दिसू द्या, मग दिवस मोजून सांगतो.