हॅदरसेजमध्ये माझी मुलगी सुरक्षित राहील का?

प्रश्न : माझी मुलगी डॉक्टर आहे. शेफील्डच्या एका रुग्णालयात तिला नोकरी लागली आहे आणि जावई होप गावाजवळच्या सिमेंट कारखान्यात इंजिनिअर म्हणून रुजू होत आहेत. दोघांना सोयीचं पडावं म्हणून मधल्या हॅदरसेज नावाच्या खेड्यात त्यांनी घर भाड्याने घेतलं आहे. सोबत चार वर्षांचा नातू. फोटोत गाव सुंदर दिसतं, पण घराला ना ग्रिल, ना सेफ्टी डोअर. मुलीला पाळ्या असतील, रात्री स्टेशनवरून ती एकटी चालत येणार. २०२४ साली शेफील्डच्या आसपास दंगल झालेली आम्ही टीव्हीवर पाहिली होती. त्यात पोलिसांच्या वेबसाइटवर त्या गावाच्या नकाशात 'हिंसा व लैंगिक गुन्हे' असे आकडे दिसले आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. तिच्यासाठी मी पेपर स्प्रे आणून ठेवला आहे. लग्नातले दागिने न्यायचे की नाही यावरून घरात वाद चालू आहे. खरी परिस्थिती काय ते सांगा.
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, सगळ्यात आधी तो पेपर स्प्रे बॅगेतून काढा. आपल्याकडे तो दुकानात सर्रास मिळतो, इंग्लंडमध्ये मात्र तो जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टनुसार तो प्रतिबंधित शस्त्र ठरतो. 'स्वसंरक्षणासाठी ठेवला होता' ही सबब तिथे चालत नाही. मुलगी डॉक्टर आहे, म्हणजे शिक्षा झाली तर ती मेडिकल कौन्सिलला कळवावी लागते आणि व्हिसाचाही प्रश्न उभा राहतो. त्याऐवजी तिथे पोहोचल्यावर तिला पर्सनल अलार्म घ्यायला सांगा. पिन ओढली की कानठळ्या बसवणारा आवाज करणारं ते छोटं यंत्र कायदेशीर आहे आणि सहज मिळतं.

मी तुमच्या शेजारची, मिरजेची. लग्नानंतर इकडे आले आणि डर्बीशर काउंटीत डिस्ट्रिक्ट नर्स म्हणून नोकरी केली. म्हणजे घरोघरी जाऊन जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, अंथरुणाला खिळलेल्यांना पाहायचं. डोंगरातल्या शेतघरांपर्यंत रात्री-अपरात्री एकटीने गाडी चालवत गेले आहे. त्या जोरावर सांगते, या भागात माणसांच्या भीतीने तुम्ही झोप घालवू नका. काळजी करायचीच तर अंधाराची, रस्त्याची आणि मदत पोहोचायला लागणाऱ्या वेळाची करा.

आता तो नकाशा. हा सरकारी नकाशा २०११ पासून सर्वांसाठी खुला आहे आणि दर महिन्याला त्यात भर पडते, पण तो वाचायला शिकावं लागतं. त्यावरचा ठिपका म्हणजे गुन्हा घडला ते घर नव्हे. कुणाची ओळख पटू नये म्हणून गुन्हा जवळच्या एका ठरावीक बिंदूवर दाखवतात. 'हिंसा व लैंगिक गुन्हे' या सदरात मारहाण येते तशाच फोनवरच्या धमक्या, छळवणुकीचे मेसेज, पाठलाग हेही येतं. कुणाला ओरखडा उठला नसेल तरी नोंद तिथेच होते. शिवाय हॅदरसेजची वस्ती जेमतेम दोनेक हजारांची. एवढ्याशा गावात दोन-चार घटना वाढल्या तरी 'दर हजारी प्रमाण' एकदम फुगलेलं दिसतं. आणि गाव पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कमध्ये आहे. स्टॅनेजच्या कड्यांवर चढायला आणि पठारांवर भटकायला सुट्टीच्या दिवशी माणसांची रीघ लागते. ती माणसं रानातल्या वाहनतळावर गाडी लावून तासन्‌तास दूर जातात आणि चोर काच फोडून पाकीट, लॅपटॉप उचलतात. या भागातली ही नेहमीची चोरी आहे. गुन्हा भटक्यांवर होतो, आकडा मात्र गावाच्या नावावर चढतो. म्हणून तिला एका महिन्याचा आकडा न बघता वर्षभराचे महिने ओळीने बघायला सांगा आणि प्रत्येक वेळी प्रकार कोणता ते वाचायला सांगा. आणि गाडीत दिसेल असं काहीही ठेवायचं नाही, नातवाची रिकामी बॅगसुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पोस्टकोड शेफील्डचा असला तरी हॅदरसेजचे पोलीस डर्बीशरचे आणि शेफील्डचे पोलीस साउथ यॉर्कशरचे. रेल्वेचे पोलीस तर तिसरेच, ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलीस. जीव धोक्यात असेल किंवा गुन्हा डोळ्यांसमोर घडत असेल तर कुठूनही ९९९. घडून गेलेल्या चोरीसाठी १०१. रेल्वेत कुणी त्रास देत असेल तर फोन कानाला न लावता ६१०१६ या क्रमांकावर मेसेज पाठवता येतो. हे तिन्ही आकडे तिच्या फोनमध्ये विमानात बसण्यापूर्वीच घाला. पुढचं तर पाठच असायला हवं : मोबाइलवरून ९९९ लावला आणि बोलण्याची सोय नसेल, तर सूचना ऐकू आल्यावर ५५ दाबायचं. मग तो फोन पोलिसांकडे जोडला जातो.

हॅदरसेजच्या स्टेशनवर कर्मचारी नसतात. गाड्याही साधारण तासाला एक, त्यामुळे एखादी रद्द झाली की थंडीत फलाटावर ताटकळावं लागतं. डिसेंबरात चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो. रात्रीच्या पाळीनंतर जावई घरी असतील तर त्यांनी न्यायला जावं, नसतील तर टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवावी. गावात टॅक्सी हाक मारली की मिळत नाही. खर्चाकडे बघू नका म्हणावं.

घराला ग्रिल नाही याने तुमचा जीव कासावीस होतो ते मला कळतं. इकडे कुणाच्याच घराला नसतं, आणि आग लागली तर खिडकीतून बाहेर पडता यावं हे मला नर्स म्हणून पटतं. खरी मेख दारात आहे. इथली बरीचशी प्लॅस्टिकच्या चौकटीची दारं नुसती ओढून घेतली की लागल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात मूठ वर उचलून किल्ली फिरवल्याशिवाय आतले अडसर बसत नाहीत. नुसत्या ओढलेल्या दारातून आत शिरणं चोराला सोपं जातं. कुलपाचा मधला दंडगोल पिळून मोडण्याची युक्तीही या भागात चोर वापरतात, म्हणून घरमालकाला विचारावं की तो न मोडणाऱ्या जातीचा आहे का. नसेल तर बदलून मागावा, त्यात संकोच नको. गाडीची किल्ली दारातल्या पत्रपेटीच्या फटीजवळ टांगायची नाही, आकडा घालून बाहेरून ओढतात. आणि सायकल अंगणातल्या लाकडी शेडमध्ये एका साध्या कुलपावर ठेवायची नाही. डोंगरात चालवायच्या महागड्या सायकलींवर चोरांचा डोळा असतो.

दागिन्यांच्या वादात मी तुमच्या मुलीच्या विरुद्ध असेन की बाजूने ते ठाऊक नाही, पण माझं मत पक्कं आहे : मंगळसूत्र आणि रोजचं किडूकमिडूक एवढंच न्यावं. भारतीय घरांत बावीस कॅरेटचं सोनं असतं हे इथल्या चोरांना चांगलं माहीत आहे. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या सुमाराला पोलीस दरवर्षी आपल्या लोकांना सावध करतात. घराच्या विम्यात एका वस्तूला ठरावीक मर्यादेपर्यंतच भरपाई मिळते, त्यापुढची वस्तू नाव घालून कळवावी लागते. आजेसासूबाईंच्या पाटल्यांची भरपाई तशीही कोण देणार? सांगलीच्या बँकेतला लॉकर बरा. आणि समारंभाचे दागिन्यांतले फोटो गावात राहत असताना सगळ्या जगाला दिसतील असे टाकू नयेत.

दंगलीचं विचारलंत. ४ ऑगस्ट २०२४ ला रॉदरहॅमजवळ मॅन्व्हर्स इथे, आश्रय मागणाऱ्या परदेशी लोकांना ठेवलेल्या हॉटेलवर जमाव चालून गेला होता. आत माणसं असताना इमारत पेटवण्याचा प्रयत्न झाला. ते भयंकर होतं आणि त्या आठवड्यात आम्हीही घाबरलो होतो. पुढे अनेकांना तुरुंगवासाच्या मोठ्या शिक्षा झाल्या. हॅदरसेजसारख्या गावात असा जमाव जमेल असं मला वाटत नाही. पण कधीतरी दुकानात टक लावून बघणं, गाडीतून जाता जाता कुणी काही ओरडणं हे होऊ शकतं, आणि मी ते तुमच्यापासून लपवणार नाही. असं झालं तर 'जाऊ दे' म्हणून सोडू नये. वंशद्वेषातून केलेल्या गुन्ह्याला १९९८ च्या कायद्याने जास्त शिक्षा आहे. तारीख, वेळ, गाडीचा नंबर लिहून १०१ ला कळवावं.

चौकी नसलेल्या गावात शेजारी हीच पहिली मदत. इंग्लंडमधली पहिली नेबरहुड वॉच, म्हणजे शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरांवर लक्ष ठेवण्याची योजना, १९८२ साली चेशर काउंटीतल्या मोलिंग्टन या खेड्यातच सुरू झाली. मुलीने पहिल्याच आठवड्यात दोन्ही बाजूंच्या घरांची दारं वाजवून स्वतःची ओळख करून द्यावी. इथली माणसं आपणहून घरात येणार नाहीत, त्याचा अर्थ तुसडी असा घेऊ नये. नातवाला लहान मुलांच्या गटात न्यावं, दुकानात रोज दोन शब्द बोलावेत. 'डर्बीशर ॲलर्ट'वर नाव नोंदवलं की भागातल्या चोऱ्यांची खबर पोलिसांकडून थेट येते.

नकाशावर न दिसणारे दोन गुन्हे आहेत आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. एक फसवणूक. इंग्लंड-वेल्समध्ये लोकांवर होणाऱ्या गुन्ह्यांत सगळ्यात मोठा वाटा तिचाच आहे, पण त्या नकाशावर तिचा ठिपका नसतो. नव्याने आलेल्या आपल्या मुलांना 'होम ऑफिसमधून बोलतोय, व्हिसाच्या कागदांत चूक आहे, आत्ता पैसे भरा' असे फोन येतात. होम ऑफिस फोनवर पैसे मागत नाही. फोन बंद करायचा. पैसे गेलेच तर १५९ लावला की बहुतेक बँकांकडे थेट जोडून मिळतं.

दुसरा तुम्ही विचारलेला नाही आणि तुमच्या जावयांबद्दल मी काहीही सुचवत नाही. हे सदर वाचणाऱ्या प्रत्येक आईसाठी लिहिते. घरातल्या छळाबद्दल बोलतेय. सुंदर दगडी घरांत, खिडकीत फुलांच्या कुंड्या असलेल्या घरांत, मी हातावरचे वळ बघितले आहेत. २०१९ साली नॅशनल रूरल क्राइम नेटवर्कने यावर अहवाल काढला, त्यातही हेच दिसलं की शहरापेक्षा खेड्यात असा छळ जास्त काळ चालू राहतो आणि बाईला बाहेर पडणं अवघड जातं. गाडी एकच आणि ती नवऱ्याकडे, बस तुरळक, गावातला प्रत्येक जण त्याला ओळखणारा. त्यात व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर असेल तर पाहायलाच नको. परदेशी जाणाऱ्या मुलीचं स्वतःचं बँक खातं असावं, पासपोर्ट तिच्या हाताशी असावा आणि गाडी तिला चालवता यावी. ०८०८ २००० २४७ हा मदतीचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मोफत आहे. लेक फोनवर बोलताना आवाज चोरायला लागली, तर 'सगळं ठीक ना?' एवढंच विचारून थांबू नका.

प्रश्न : आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी मुलाकडे पीक डिस्ट्रिक्टमधल्या खेड्यात जातोय. मला पहाटे पाचला फिरायची सवय आहे. अनोळखी माणूस म्हणून पोलीस हटकतील का? रानातून गेलं तर चालतं का?
— एक निवृत्त शिक्षक, कऱ्हाड

उत्तर : सर, चालण्यासाठी कुणी हटकणार नाही. समोरून येणाऱ्याला 'मॉर्निंग' म्हणा, तोही म्हणेल. 'पब्लिक फूटपाथ' अशी पाटी किंवा पिवळा बाण असेल तिथे शेतातून, अगदी शेतकऱ्याच्या अंगणातूनही जाण्याचा कायदेशीर हक्क आहे. फाटक जसं असेल तसंच ठेवून पुढे व्हा. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

धोका गाड्यांचा. ब्रिटनमध्ये रस्त्यावरचे सर्वाधिक मृत्यू ग्रामीण रस्त्यांवर होतात. गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यांवर ताशी ६० मैलांपर्यंत, म्हणजे जवळजवळ ९७ किलोमीटरने, गाडी चालवायला मुभा असते. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, फुटपाथ नाही, वळणापलीकडचं दिसत नाही. अशा रस्त्याने उजव्या कडेने चाला, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. गडद स्वेटरवर चमकणारं पिवळं जाकीट घाला आणि हिवाळ्यात पाचला निघू नका, उजाडायला आठ वाजतात.

गाईंपासूनही जपा. वासरं सोबत असतील तर त्या अंगावर धावून येतात आणि त्यात माणसं दगावली आहेत. कळपाच्या मधून न जाता लांबून वळसा घ्या. पाठीशी लागल्याच तर पळू नका, शांतपणे बाजूला व्हा.

डोंगरात रेंज जाते. निघण्यापूर्वी तिथल्या सिमकार्डावरून ९९९ ला इंग्रजीत 'रजिस्टर' एवढा मेसेज पाठवा आणि उलट येईल त्याला 'येस' म्हणा. मग बोलणं शक्य नसेल तिथूनही मेसेजने मदत मागता येते. पाय मुरगळला, वाट चुकली तर पोलीस मागायचे आणि त्यांना 'माउंटन रेस्क्यू हवं' असं सांगायचं. ही स्वयंसेवकांची पथकं आहेत, पैसे घेत नाहीत. आणि कोणत्या वाटेने जाताय ते सूनबाईंना रोज सांगून निघा.