राईडला चाळीस जण येतात, ट्रेल दुरुस्तीला चौघेच. रायडर्सना कसं तयार करावं?

तुम्ही विचारलंय की ठाण्यातल्या तुमच्या माउंटन बायकिंग ग्रुपमध्ये रविवारी चाळीसेक जण राईडला येतात, पण पावसाने उखडलेली वाट दुरुस्त करायला बोलावलं की चौघेच उरतात, आणि तेही दर वेळी तेच. मी बेलापूरला राहतो. खारघरच्या डोंगरावर नऊ वर्षं सायकल चालवतोय आणि त्यातली सहा वर्षं तिथल्या एका वाटेची डागडुजी करणाऱ्यांत आहे. आमचीही सुरुवात अशीच झाली होती. दोनशे जणांच्या ग्रुपवर पोस्टर टाकलं, दीडशे अंगठे आले, प्रत्यक्षात आले चौघे.

तुमचे रायडर आळशी किंवा आपमतलबी आहेत असं मनात धरू नका. सुट्टीच्या दिवशी पहाटे साडेचारला उठून चढ चढणारी माणसं कष्टाला घाबरत नाहीत. अडचण अशी की त्यांना काम दिसतच नाही. शहरात आपल्याला रस्ता तयार मिळतो, खड्डा पडला तर पालिकेकडे तक्रार जाते. डोंगरातल्या वाटेकडेही आपण त्याच नजरेने बघतो. मध्ये ओघळ पडला की रायडर बाजूने सायकल काढतो, मागचा त्याच्या चाकोरीतून जातो, आणि दोन पावसाळ्यांत हातभर रुंदीच्या पायवाटेचा आठ फुटी घसारा होतो. त्या जागेवरून रायडर पाच सेकंदांत उतरलेला असतो. तिथे काय बिघडलंय हे त्याला कळणार कधी?

म्हणून कुदळ हातात देण्याआधी लोकांना पाणी बघायला न्या. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मुख्य उत्तर हेच आहे.

हे मला ज्यांनी शिकवलं ते पाड्यावरचे एक काका होते. जुलैतली गोष्ट. धो धो पाऊस सुरू झाला म्हणून मी सायकल घेऊन एका झाडाखाली थांबलो होतो. काका प्लास्टिकचा कागद पांघरून खाली निघाले होते. वाटेवरून पाण्याचा लोट येत होता. ते थांबले आणि टाचेने चिखलात एक तिरकी रेघ ओढली, दरीच्या बाजूला. लोट तिथून वळला आणि खालची वाट बघता बघता मोकळी झाली. पंधरा-वीस पावलांवर पुन्हा तसंच. मी विचारलं, काका, काय करताय? म्हणाले, "पाणी भायेर जाऊ दे ना." त्यांच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या वाटेवरून रोज जाणारा माणूस ते करतोच.

पुढच्या रविवारी आम्ही सहा जण सायकली घरी ठेवून, छत्र्या घेऊन त्याच वाटेवर गेलो. जेमतेम तीनशे मीटर चाललो, पण दीड तास लागला. प्रत्येकाला एकच प्रश्न: या तुकड्यात पाणी वाटेवर कुठे येतं आणि वाट सोडून कुठे जातं? येण्याच्या जागा पाच सापडल्या, जाण्याची एकच. उरलेलं सगळं पाणी वाटच धरून खाली पळत होतं आणि मुरूम घेऊन जात होतं. त्या सहापैकी पाच जण ऑक्टोबरात कुदळ घेऊन हजर होते. त्यांना कुणी फोन करून आठवण करावी लागली नाही.

आता कामाबद्दल थोडं, कारण इथे एक गैरसमज हमखास आडवा येतो. आपल्याकडे श्रमदान म्हटलं की 'पाणी अडवा, पाणी जिरवा' डोक्यात असतं. २०१६ पासून पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेमुळे शहरातलीही पुष्कळ माणसं गावोगाव जाऊन सलग समतल चर खोदून आली. तोच हात ट्रेलवर चालवला तर नुकसान होतं. चर पाणी धरून ठेवतो. वाटेवरचं पाणी मात्र जोर धरायच्या आत बाहेर काढायचं असतं. त्यासाठी वाट दरीकडे किंचित कललेली हवी, साधारण पाच टक्के, म्हणजे मीटरभर रुंदीला पाच सेंटिमीटर. सतत चाकं फिरल्याने वाटेचा मधला भाग खचतो, दरीकडच्या काठावर मातीचा बांध तयार होतो आणि वाटेची नाली बनते. तो बांध फोडून कल परत आणणं हे निम्म्याहून जास्त काम. जिथे पाणी साचतं तिथे दरीच्या बाजूला साधारण दहा फूट लांबीचा उथळ अर्धचंद्र खरवडून काढायचा. चाकाला तो जाणवतही नाही आणि पाणी निघून जातं. लाकडाचे ओंडके आडवे टाकण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नका. त्यांच्यामागे गाळ भरतो, पाणी वरून उडी मारतं, आणि ओल्या लाकडावर चाक घसरून कुणीतरी पडतं.

एक नियम नवीन माणसालाही लगेच कळतो. डोंगराचा जेवढा उतार, त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा उतार जास्त नसावा. नाहीतर पाणी वाट ओलांडत नाही, वाटेनेच उतरतं. आमच्याकडे एक थेट खाली जाणारा शॉर्टकट होता आणि सगळ्यांना तो फार आवडायचा. हा नियम समजल्यावर ज्यांनी तो पाडला होता त्यांनीच काटेरी फांद्या टाकून तो बंद केला.

पण तुम्ही ठाण्यातले आहात, त्यामुळे परवानगीचं आधी सांगायला हवं होतं. ठाण्यालगतचं येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे स्वतःहून फावडं उचलायचं नाही, हेतू कितीही चांगला असो. राखीव वनात जमीन खणणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे आणि राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ त्याहून कडक. जमीन कुणाची आहे ते शोधा, तिथल्या वनक्षेत्रपालांना अर्ज द्या आणि अर्जात 'ट्रेल' मागू नका. 'अस्तित्वातल्या पायवाटेची धूप थांबवणं, प्लास्टिक उचलणं, उन्हाळ्यात जाळरेषा काढायला मदत करणं' असं नेमकं लिहा. जाळरेषा म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा. वणव्याच्या दिवसांत वनरक्षकांना माणसं कमी पडतात. आम्ही दोन वर्षं फेब्रुवारीत त्यांच्यासोबत गवत कापलं, तेव्हा कुठे आमच्या वाटेच्या कामाला होकार मिळाला. कागद हातात असला की भीतीमुळे न येणारे बरेच जण येतात, हाही त्याचा फायदा.

अमेरिकेत आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशन १९८८ मध्ये उभी राहिली ती कॅलिफोर्नियातल्या वाटा सायकलींना बंद व्हायला लागल्या म्हणून. वाट राखणारे म्हणून ओळख झाली तर वाट वापरू देण्याचं बोलणं करता येतं, हे तिथल्या क्लबांनी ओळखलं. आपल्याकडे ही गोष्ट रायडर्सना स्पष्ट सांगावी. एके दिवशी फाटकाला कुलूप लागलं तर आपल्या बाजूने बोलायला कोण असेल?

आणि पाड्यावरच्या लोकांना विचारल्याशिवाय वाटेत बदल करू नका. हे मी कळकळीने सांगतोय. फणसवाडी, चाफेवाडीची माणसं आमच्या खारघरच्या डोंगरावर आपल्या कितीतरी आधीपासून राहतात. मावश्या डोक्यावर भाजीच्या, करवंदांच्या टोपल्या, लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरतात. एका वर्षी आमच्यातल्या काही जणांनी अशाच वाटेवर उडी मारायला मातीचा उंचवटा केला. एक मावशी तिथे अडखळून पडल्या. गुडघा फुटला आणि टोपलीतली भाजी सगळी सांडली. आम्ही त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आणि त्याच दिवशी उंचवटा काढून टाकला. आता प्रत्येक कामाच्या दिवशी पाड्यावरचं निदान एक माणूस सोबत असतं. त्याला आम्ही मजुरी देतो, कारण त्याचा तो रोजगाराचा दिवस असतो. आपल्यासाठी श्रमदान असलं तरी त्यांच्याकडून ते गृहीत धरणं मला पटत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. 'ट्रेल दुरुस्ती, सर्वांनी यावे' असं आवाहन करू नका. 'तिसरं वळण, सात ते साडेआठ, दहा जण हवेत, नंतर तिथूनच राईड' असं सांगा. काम राईडच्या आधी ठेवा, नंतर कुणाच्या अंगात त्राण उरत नाही. आपण सपाट केलेल्या वळणावरून तासाभरात स्वतः उतरून बघायला मिळणं, यासारखं दुसरं आमंत्रण नाही. टी-शर्ट आणि प्रमाणपत्रांवर आम्ही एकदा पैसे घातले. लोक आले, फोटो काढले, पुन्हा आले नाहीत. 'काम नाही तर राईड नाही' हा नियमही केला होता. त्याने ग्रुप फुटायची वेळ आली, तो आम्ही सोडला. कोकणात शेतकरी एकमेकांच्या शेतात सावडीने जातात, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. तसं आम्ही वळणं वाटून घेतली. प्रत्येक वळणाला दोन राखणदार, आणि एका वळणावर काम निघालं की बाकीचे मदतीला जातात.

शर्यतीत भाग घेणारी पोरं सगळ्यात उशिरा आली. त्यांना वळणावरचा बर्म, म्हणजे बाहेरच्या बाजूचा मातीचा तिरका उंचवटा, बांधायला द्या, वेगाने वळायला तो त्यांनाच हवा असतो. अट एकच, वळणाच्या आधी पाणी बाहेर काढल्याशिवाय बर्मला हात लावायचा नाही. नाहीतर त्याच्या पोटात तळं साचतं. ऑफ-रोड मोटरसायकलवाल्यांनाही बोलवा. चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरलं की मुरूम किती उडतो हे खाली उभं राहून एकदा पाहिलं, की ते ओल्या वाटेवर गाडी घालायचं आपोआप टाळतात. शिवाय मोठा दगड पहारीने हलवायला त्यांच्यासारखे गडी नाहीत.

दगड मात्र उघड्या हाताने उचलू देऊ नका, खाली फुरसं असू शकतं. जाड हातमोजे, बूट, प्रथमोपचाराची पेटी आणि माणशी दोन लिटर पाणी. अवजारं कमीच लागतात: तीन कुदळी, तीन फावडी, एक पहार, दोन दाताळी, चार घमेली. दहा जणांना आलटून पालटून पुरतात आणि कुणी रिकामं उभं राहत नाही.

वेळ म्हणाल तर मुंबई-ठाण्यातून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परततो. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे उत्तम, मुरूम ओलसर असतो आणि दाबला की बसतो. दिवाळीनंतर तोच दगडासारखा होतो. मे अखेरीस आणखी एक फेरी, फक्त पाण्याच्या वाटा मोकळ्या करायला. पण तुमचा पहिला दिवस भर पावसातला असू द्या. परवानगी असलेली एखादी वाट निवडा, जुलैतल्या एका रविवारी सायकली घरी ठेवून पाच-सहा जण छत्र्या घेऊन जा, आणि पाणी जिथे वाटेवर येतंय तिथे दगडाची खूण करून ठेवा.