वाळूतला दाणा

प्रश्न : बाई, आमचं घर देवगडला किनाऱ्यालगत आहे. या जुलैत उधाण ओसरल्यावर नातवंडांनी वाळूतून साबुदाण्यासारखे दाणे वाटीभर वेचून आणले. मला आधी माशांची अंडी वाटली. शेजारी म्हणतात, मे महिन्यात केरळजवळ जहाज बुडालं, त्यातलं हे प्लास्टिक आहे. खरं आहे का? आणि मासे हे खात असतील तर आम्ही मासळी खावी की नाही?
– एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, आधी दोन-चार दाणे रात्रभर पाण्यात ठेवा. साबुदाणा असेल तर फुगेल, अंडं असेल तर चिमटीत फुटेल. सकाळी दाणा होता तसाच तरंगत असला, तर ते प्लास्टिकच. धंद्यातले लोकही त्याला ‘दाणा’च म्हणतात. बादली, पाइप, दुधाची पिशवी, सगळ्याचा हा कच्चा माल. कारखान्यात तो 25 किलोच्या गोण्यांतून येतो. एक दाणा साधारण 20 मिलिग्रॅम भरतो, म्हणजे एका गोणीत साडेबारा लाख दाणे. गोणी फाटली की झाडूने भरून घेणंही अवघड, मग समुद्राचं काय बोलावं!

आता शेजाऱ्यांचं म्हणणं. ‘एमएससी एल्सा 3’ हे जहाज 25 मे 2025 रोजी कोचीजवळ 640 कंटेनरांसह बुडालं आणि तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यांवर दाण्यांचा थर साचला, हे खरं. पण पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. ते दाणेही खालीच गेले, तामिळनाडूत धनुष्कोडीपर्यंत. जुलैत ते उलटे वर देवगडला येतील, हे मला पटत नाही.

मग तुमचे कुठले? वाटी उन्हात धरा आणि पिवळे दाणे वेगळे काढा. मी शिकवत होते तेव्हा दर पावसाळ्यात मुलांना घेऊन भरतीच्या रेषेवर बसायचे. पिठाच्या चाळणीने वाळू चाळायची, वर राहिलेलं मिठाच्या दाट पाण्यात टाकायचं. वाळू तळाला, दाणे वर. पांढऱ्यांच्या जोडीला मधाच्या रंगाचे दाणे हमखास निघत. पिवळा पडलेला दाणा बराच काळ पाण्यात आणि उन्हात राहिलेला असतो. म्हणजे एल्सा बुडण्याच्या कितीतरी आधीपासून हे येतच होते. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी गोव्याच्या किनाऱ्यांवरचे दाणे तपासले, तेव्हा त्यांनाही ते बहुतेक पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलीनचे, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत समुद्राने आणून टाकलेले आढळले.

पिवळे दाणे मुलांना चघळू देऊ नका. प्लास्टिक पाण्यातली तेलकट विषं ओढून घेतं. टोकियोचे प्राध्यापक हिदेशिगे ताकादा 2005 पासून जगभरच्या लोकांकडून असे दाणे टपालाने मागवतात आणि त्यात डीडीटी हे कीटकनाशक आणि पीसीबी हे पूर्वी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असायचं ते रसायन किती मुरलंय ते मोजतात. पीसीबीचं प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या लाख ते दहा लाख पट असू शकतं, हे त्यांच्याच गटाने 2001 मध्ये दाखवलं होतं.

मासळी खा, ताई. माशाने गिळलेलं प्लास्टिक मुख्यतः त्याच्या पोटात-आतड्यात राहतं आणि बांगडा साफ करताना ते आपण काढूनच टाकतो. अख्खं खातो ते जवळा, तिसऱ्या, कालवं. त्यांत हा दाणा मावत नाही, पण त्याहून बारीक तुकडे आणि कपड्यांचे धागे जातात. तिसऱ्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवून वाळू ओकू द्यायची आपली पद्धत सोडू नका, त्यात थोडं प्लास्टिकही बाहेर पडतं. 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला 22 जणांचं रक्त तपासलं, 17 जणांत प्लास्टिक निघालं. ते काही केवळ मासळीतून आलेलं नाही. हवा, पाणी, डब्यातलं अन्न, सगळ्यांतून येतं.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हा दाणा कुणी वापरून फेकलेला कचरा नाही, तो कुणाचा तरी विकायचा माल आहे. 2021 च्या मे महिन्यात हझिऱ्याहून कोलंबोला गेलेल्या ‘एक्स-प्रेस पर्ल’ला आग लागली. त्यावर सुमारे 1,680 टन दाणा होता. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर माणसं हाताने चाळण्या फिरवत बसली. काही दाणे तर जळून काळी ढेकळं झाले होते. मासेमारी बंद पडली, कासवं मरून किनाऱ्याला लागली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये जहाजवाल्यांना 1 अब्ज डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2024 मध्ये सांगितलं, की दाणा मजबूत बांधा आणि शक्यतो डेकखाली ठेवा. पण ही नुसती शिफारस! ती सक्तीची व्हायलाच हवी. भरल्या पावसात वाळूतून एकेक दाणा वेचायची पाळी तुमच्या नातवंडांवर का यावी?

वाटीतले दाणे पाचोळ्यात टाकून जाळू नका. काचेच्या बरणीत भरा, पिवळे निराळे, आणि वर किनाऱ्याचं नाव नि तारीख मुलांच्याच हाताने लिहून घ्या. जानेवारीत किनाऱ्यालगतचा प्रवाह उलटा, दक्षिणेकडून वर वाहतो. तेव्हा त्याच जागी पुन्हा चाळा आणि काय मिळालं ते मला कळवा.