गोकर्णाचं वर्णन लिहिताना

रंकाळ्याकडं कुंपणावर गोकर्णाची वेल दिसली की थेट फुलाकडं धावू नकोस. आधी पानं मोज: संयुक्त, म्हणजे एकाच देठावर अनेक पर्णिका (छोटी पानं), बहुधा ५ ते ७. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये दिलेल्या शास्त्रीय नावातलं ‘टर्नाटिया’ इंडोनेशियातल्या तर्नाते बेटावरून आहे, लॅटिन ‘टर्नी’ (तीन-तीन) शब्दामुळं वाटतं तसं तीन पर्णिकांवरून नव्हे.

आता फूल. नवखे इथंच चुकतात. वाटाण्याच्या फुलात ध्वज पाकळी, म्हणजे सगळ्यात मोठी पाकळी, वर असते. गोकर्णाचं फूल उलटं, म्हणून ती मोठी निळी पाकळी खाली येते आणि पुंकेसर वरून मधमाशीच्या पाठीला पराग लावतात. किती देखणी रचना! हे उलटेपण नोंदवच. पुंकेसर दहा, नऊ जुळलेले, एक सुटा, भिंगानं बघ. पांढऱ्या फुलांची वेलही याच जातीची. शेंग चपटी.