कर्ण जुळेपर्यंत बिजागऱ्यांना हात लावू नका

कपाटाच्या दाराची फट वर 2 मिलिमीटर, खाली 9. बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवून फिरवून संपले, आता दाराला रंधा मारू का, असं तुम्ही विचारलंय. वाचताना माझं पहिलं कपाट डोळ्यांपुढे उभं राहिलं. रंधा मारू नका हो. दार बहुधा सरळच आहे, कपाटाचं खोकं कललंय.

आधी एक सोपी शंका काढून टाका. कपाट उभं आहे ती जमीन सपाट आहे का? एका कोपऱ्याखाली पातळ पाचर सरकवून बघा, कधीकधी तेवढ्यानेच फट सरळ होते. नाही झाली तर खोक्याचे दोन्ही कर्ण, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरपी मापं, मोजा. ती सारखी नसतील तर खोकं काटकोनात नाही.

माझं काय झालं ते सांगतो. कपाटाच्या पाठीची 6 मिलिमीटरची प्लाय, 600 बाय 900, बाहेरून कापून आणली. पाठ ठोकली की खोकं आपोआप काटकोनात येतं, असं सगळे सांगतात. येतं, पण पाठ स्वतः काटकोनात असेल तर! माझ्या पाठीच्या समोरासमोरच्या बाजू अगदी सारख्या होत्या, त्यामुळे टेप लावूनही मला काही कळलं नाही. गोंद ओला असताना मी खोक्याच्या कडा ओढून ओढून पाठीच्या कडांना जुळवल्या, दर 10 सेंटिमीटरला स्क्रू मारला आणि खुशीत झोपलो. सकाळी कर्ण मोजले तर एक 1078, दुसरा 1086. दोन्ही 1082 च्या आसपास हवे होते. म्हणजे 900 च्या उंचीत कपाट 7 मिलिमीटर झुकलेलं. बिजागरी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे घेते, ती बिचारी काय करणार?

प्लाय कापून देणाऱ्याकडे गेलो. "भिंतीकडची बाजू, कोण बघतंय?" असं उत्तर मिळालं. ते आठवलं की अजून डोकं फिरतं. त्या बाजूला कोणी बघत नाही हे खरं, पण सगळं खोकं तिच्याच जिवावर सरळ राहतं ना! तेव्हापासून दुसऱ्याने कापलेल्या प्रत्येक फळीचे कर्ण मी तिथेच उभा राहून मोजतो. लोक हसतात.

आता तुमचं. पाठीला नुसते स्क्रू आहेत, गोंद नाही, असं तुम्ही लिहिलंय म्हणून हे सांगतोय. दार उतरवा, पाठीचे सगळे स्क्रू काढा. खोकं सपाट जागी आडवं ठेवून लांब कर्णाच्या दोन टोकांना क्लॅम्प लावा आणि हळूहळू आवळा. फरक 8 असेल तर लांब कर्ण 4 नेच कमी करायचा, दुसरा तेवढाच वाढतो. मी पहिल्यांदा पूर्ण 8 ने ओढला आणि कपाट उलट्या बाजूला कललं. क्लॅम्प सोडला की खोकं थोडं मागे येतं, म्हणून पाठ बसेपर्यंत तो काढू नका. पाठ नव्या भोकांवर बसवा, आणि तीच वाकडी असेल तर तिच्या कडांकडे साफ दुर्लक्ष करा. बाहेर येईल ते नंतर कापून टाका.

हे मी 18 मिलिमीटरच्या प्लायवर केलंय. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) असेल तर जबाबदारी माझी नाही, तिथे स्क्रूची पकड एकदा गेली की गेली.

आणि गुण्याही, म्हणजे काटकोन बघायचं सुताराचं हत्यार, तपासा. फळीच्या सरळ कडेला टेकवून रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन रेघांत फट पडली तर गुण्याची चूक तिच्या निम्मी. माझ्याकडचा एक नवाकोरा गुण्या असा निघाला, आता त्याने रंगाच्या डब्यांची झाकणं उघडतो.

कर्ण मोजून आकडे इथे टाका. पाठ सुटल्यावरही खोकं हललं नाही तर सांध्यांचा फोटो टाका, मग बघू.