वाचक विचारतात: स्कूटरला दुधाची ट्रॉली

प्रश्न: माझी बिनगिअरची 110 सीसी स्कूटर आहे. रोज 40 लिटरचे दोन कॅन संकलन केंद्रावर न्यायचे असतात. रस्ता अर्धा कच्चा आहे. वेल्डर म्हणतो, कॅरिअरला हुक मारून ट्रॉली जोडून देतो. चालेल का?
— एक दूध उत्पादक, ता. सेलू, जि. परभणी

उत्तर: कॅरिअरला हुक अजिबात मारू देऊ नका, दादा. ब्रेक दाबला की ट्रॉली मागून रेटते. तो रेटा जितका उंचावर बसेल तितकं स्कूटरचं मागचं चाक हलकं होतं आणि घसरतं. हुक मागच्या चाकाच्या आसाच्या उंचीवर हवा, आणि त्याची पट्टी मुख्य चेसीपासून यायला हवी. तुमच्या गाडीचं इंजिन मागच्या चाकासोबत वर-खाली हलतं, म्हणून पट्टी त्याला कुठंही घासता कामा नये.

आता वजन. 40 लिटर दूध म्हणजे 41 किलो. दोन कॅनचं दूधच 82, वर कॅन आणि ट्रॉलीचं लोखंड. एवढं ओढायला ही गाडी नाही. बेल्ट तापेल, आणि उतारावर ड्रम ब्रेक पुरे पडणार नाहीत. 20 लिटरचे दोन कॅन घ्या, फेऱ्या वाढल्या तर वाढू द्या. कॅन गळ्यापर्यंत भरा. अर्ध्या कॅनात दूध हिंदकळतं आणि ट्रॉली शेपूट हलवायला लागते.

सांगाडा 25 बाय 25 च्या, 2 मिलीमीटर जाडीच्या चौकोनी पाइपचा करा. मीटरला दीड किलोच्या आत बसतो. माझं वर्कशॉप जालन्यात, सळईच्या गावात, तरी सांगतो, उरलेल्या सळया जोडून सांगाडा करू नका. चाकं भंगारातल्या जुन्या चेतकची शोधा. तिचं पुढचं चाक एकाच बाजूनं धरलेलं असतं, त्यामुळे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा लागत नाही आणि तळ आसाच्याही खाली उतरवता येतो. कॅन खाली बसले की ट्रॉली कलंडत नाही. मडगार्ड मात्र चाकापासून चांगलं लांब ठेवा. पावसाळ्यात आपली काळी माती मध्ये भरते आणि चाक जाम होतं.

आसापासून हुक 50 इंचांवर असेल, तर भरलेल्या वजनाचा मध्य आसाच्या 5 इंच पुढं ठेवा. एकूण 70 किलोला हुकावर 7 किलो येतात. ताणकाट्याला ट्रॉलीचा हुकाकडचा दांडा टांगून मोजून घ्या. भार मागं गेला की हुक वर उचलला जातो.

खरी कसोटी जोडाची. स्कूटर वळणावर झुकते, दोन चाकांची ट्रॉली झुकत नाही. म्हणून जोड आडवा, उभा आणि पिळाचाही फिरला पाहिजे. जीपच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा फिरता सांधा, पहिल्या दोन हालचाली देतो; पिळासाठी ट्रॉलीचा दांडा बुशमध्ये, म्हणजे नळीसारख्या कड्यात, फिरता ठेवा, मागं नट आणि कॉटर पिन. शिवाय दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधा. रुंदी हँडलपेक्षा जास्त नको. आधी कॅनात पाणी भरून रानातल्या वाटेवर चालवून बघा.

आणि हो, वेल्डिंगच्या आधी आरटीओत जा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. तिथं नाही म्हणाले, तर ट्रॉली गोठा ते बांध एवढीच वापरा आणि केंद्रावरचं दूध शेजाऱ्याच्या छोट्या हत्तीत चढवा.